जमीलच्या डाव्या पायाची जागा

नाशिक, मंगळवार, ता. १२ जानेवारी १९३७

जमील,

अक्षर ओळखून तू हे पाकीट चुलीत घालायला उठशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो. तुझी लॉरी दुरुस्त होते आहे. आता घालायचं तर घाल.

मी नाशकात आहे. आग्रा रोडला, तुझ्या सलाउद्दीनमामूंच्या शेडमध्ये. आठ दिवस झाले. मला दारात पाहिल्यावर मामूंनी हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "चांदवडच्या सुताराचा गोरक्ष ना तू? माझ्या भाच्याला दवाखान्यात टाकून पळालास तो?" मी म्हटलं, तोच. "बरं. जेवलास का?" मी म्हटलं, नाही. जेवण होईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, आणि जेवण झाल्यावर तासभर थांबले नाहीत. ते सगळं इथं लिहीत नाही. मामूंच्या शिव्या कागदावर नीट बसत नाहीत, त्यांना हातवारे लागतात.

तुझी लॉरी गेल्या साली राहुडच्या घाटातून दुसऱ्या लॉरीला बांधून ओढत आणली, तेव्हापासून शेडच्या मागं उभी आहे. तुझ्या सीटवर कोंबडी बसलेली. मी हाकलायला गेलो तर मामी आतून ओरडल्या, "अंड्यावर हाय ती! पिल्लं निघंपर्यंत हात लावायचा नाय." म्हणून काम पुढच्या अंगानं सुरू केलं.

गाडी मागं घरंगळत फिरली आणि तोंडानं रस्त्याच्या मोरीत पडली तेव्हा इंजिन वरपासून खालपर्यंत चिरलं. ते मेलं. पण दुसरं मिळालं आहे. मुंबईच्या बंदरात एक लाँच मोडीत निघाली, तिचं. चार सिलिंडरचं, डिझेलचं. पेट्रोलला शिवत नाही, स्वस्तातलं क्रूड तेल पितं आणि चढावर मान खाली घालून ओढत राहतं. मुंबईत मी एक बोट मोडताना पाहिली, तिच्या पोटात एवढा मोठा आरसा निघाला की तो उचलून नेताना सगळं बंदर त्यात चालत गेलं. असो. इंजिन कसं मिळालं ते सोड. मामूंच्या चार ठिकाणी ओळखी असतात.

मामू म्हणतात, गाडी झाली की ड्रायव्हर ठेवू, जमील घरी बसून धंदा बघेल. मी मान हलवली. पण तुला सांगतो, मी हे ड्रायव्हरसाठी करत नाही. तू चालवावीस म्हणून करतो आहे. तिसरीच्या वर्गात मास्तर पाढे घेताना तू बाकाखाली पायानं क्लच दाबत बसायचास. तेव्हा चांदवडात मोटार किती जणांनी पाहिली होती? तू ओट्यावर बसून दुसऱ्याच्या हातातली आपली गाडी बघतो आहेस, हे माझ्या डोळ्यांपुढं आलं की मला इथून पळून जावंसं वाटतं. आणि पळायची सवय तर मला आहेच.

घाटात चाकाखालचा दगड घसरला, त्याला आता वर्ष होईल. दगडच तो. त्याच्यावर किती बोलायचं.

सकीनाभाभींना सलाम.

गोरक्ष


नाशिक, गुरुवार, ता. २१ जानेवारी

जमील,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतंच, तरी टपालवाला दिसला की उठून उभा राहतो. तो लांबूनच हात हलवतो. "तुमचं नाही! पुढच्या न्हाव्याचं आहे." त्या न्हाव्याला फार पत्रं येतात. कुणाची ते विचारायला मी दाढी करून आलो. त्याची बहीण रंगूनला आहे, म्हणे. रंगूनला लोक लाकडावर सोन्याचा वर्ख लावतात. त्याच्याकडं एक तुकडा होता, तो मी... बरं, इंजिन.

हे इंजिन जुन्यापेक्षा सात इंच लांब आहे, चार इंच उंच आहे आणि वजनाला रेडा. साखळीनं टांगायचं, आत सोडायचं, कुठंतरी अडलं की परत वर घ्यायचं. दोन वेळा केलं. तिसऱ्या वेळी शेडचं आढं वाकलं आणि मामी घरातून बाहेर पळाल्या. मग मी म्हटलं, मामू, लाकडाचं करू या.

"काय लाकडाचं?"

"इंजिन. आमचे वडील नवीन घडणीची बैलगाडी करायची असली की आधी हलक्या फळ्यांचं सोंग करून बघायचे."

चहाच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. माप घेऊन घेऊन सगळं इंजिन उभं केलं, पंप, पंखा, खालचं पोट, सगळं. मामूंनी त्याच्याभोवती फेरी मारली. "वा! यात काय घालायचं, तेल का डिंक?" रस्त्यानं जाणारे आत येऊन बघायला लागले. एका बाईंनी विचारलं, कुठल्या देवाचा रथ आहे. पण जमील, ते सोंग मी एकटा उचलून आत ठेवतो, काढतो, किसतो, परत ठेवतो. दोन दिवसांत कळलं काय कुठं अडतं. पंप स्टेअरिंगच्या दांडीला घासत होता. स्टेअरिंगच्या पेटीखाली बोटभर पाचर घालून दांडी बाहेर घेतली, सुटला. आता मामूही मान्य करतात, पण माझ्यासमोर नाही.

राहिले ते सात इंच. ते कुठं घालायचे यावर भांडण झालं.

मामूंचं म्हणणं, इंजिन मागं सरकवू. ड्रायव्हरच्या पुढची फळी कापायची, इंजिनाचं ढुंगण आत घ्यायचं, एका दिवसाचं काम. मी म्हटलं, तिथं जमीलचा डावा पाय येतो.

मामूंनी हात फडक्याला पुसले. मग म्हणाले, "बेटा, गुडघा चार बोटं वाकतो त्याचा. चार. तो काय क्लच दाबणार?"

"जागा असली तर दाबेल."

"आणि नाही दाबला तर?"

मी तोंड फिरवून सोंग किसायला लागलो. मामूंचेही डोळे भरले होते, जमीलला सांगू नकोस म्हणाले आहेत. शेवटी ठरलं की इंजिन गार ठेवणारी पाण्याची जाळी पुढं काढायची, नाक लांब करायचं, इंजिन पुढं घ्यायचं. गाडी थोडी सुसरीसारखी दिसेल. दिसू दे.

आता एक मागणं, आणि हे भाभींना आहे. भाभी, एक दोरा घ्या. जमीलची कंबर, गुडघा, टाच, तीन ठिकाणी गाठी मारा. पाय जितका सरळ होतो तितका करूनच. तो चिडेल. त्याला सांगा पायजमा शिवायचा आहे.

(जमील, हे तूच वाचत असशील तर पायजमाच शिवायचा आहे.)

गोरक्ष


नाशिक, शनिवार, ता. ३० जानेवारी

भाभींचा दोरा पोचला. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर देऊन गेला, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला. चिठ्ठी नाही. तीन गाठी, घट्ट.

मी तो दोरा फळीवर ताणून बघितला. कंबरेपासून टाचेपर्यंत तू एवढासा आहेस.

पिल्लं निघाली, नऊ. कोंबडी खाली उतरली आणि सीट मोकळी झाली. मग मी एक फळी घेतली, माझ्या डाव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत बांधली, चार बोटं वाकेल एवढीच सैल, आणि तुझ्या जागेवर बसलो. दोन दिवस तसाच हिंडतो आहे, शेडमध्ये, बाजारात, विहिरीवर. मामी म्हणतात, "हे कसलं नवं खूळ?" मी पहिल्याच दिवशी तीनदा पडलो. एकदा शेणात.

पण कळलं. पाय उचलून क्लच दाबणं तुला जमणार नाही, तिथं मामू बरोबर आहेत. मात्र टाच खाली टेकलेली असली तर नुसत्या पंजानं दाबता येतो. त्याला पेडल लांब पाहिजे, म्हणजे हलकं होतं. मामूंनी दांडी सहा बोटं वाढवून दिली. गाडीत पायाखालच्या फळीत टाचेसाठी मी एक खळगा कोरला आहे. सीट मागं सरकवली. आता क्लच दाबताना गुडघ्याला काही विचारावं लागत नाही.

पायाला बांधलेली फळी सोडली तेव्हा माझा गुडघा दुखत होता. दोन दिवसांत. मी ती सोडू शकलो, एवढंच मनात आलं. आता पुढं लिहवत नाही.

गो.


नाशिक, गुरुवार, ता. ४ फेब्रुवारी

जमील,

माझ्या हातून चूक झाली. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच कळू दे.

काल खरं इंजिन बसवलं. सगळं सोंगासारखं बसलं, कुठं घासलं नाही. चालू केलं तेव्हा असा धूर निघाला की समोरचा वाणी दुकान लावून घ्यायला निघाला, आणि असा आवाज की सगळी पिल्लं आईखाली गेली. मामू हसत होते. खरंच हसत होते. म्हणाले, चल, फाटकापर्यंत घेऊ.

फाटकाच्या दगडावरून पुढचं चाक खाली उतरलं आणि खालून ठण्ण झालं.

इंजिनाच्या पोटाखाली तेलाची परात असते, मामू तिला चेंबर म्हणतात. ती पुढच्या आसावर आदळून चिरली. सगळं तेल रस्त्यावर.

मामू खाली वाकले, मग हळूच विचारलं, "माप कधी घेतलंस?"

"सोंग बसवलं तेव्हा. आस आणि परात यांच्यात तीन बोटं होती."

"गाडी कशावर होती तेव्हा?"

आणि मला कळलं. गाडी ओंडक्यांवर होती, जमील. चाकं अधांतरी. आम्ही बैलगाडीचं माप तसंच घेतो, आधारावर चढवून. वडिलांनी आयुष्यभर तसंच घेतलं. पण बैलगाडीचा आस साट्याच्या चौकटीला बांधलेला असतो, तो कुठं हलत नाही. लॉरी पाट्यांच्या स्प्रिंगवर बसते. ओंडक्यांवर आस खाली लोंबतो. जमिनीवर आली, वजन पडलं, खड्ड्यात गेली की पाटे दबतात आणि तो वर येतो. तीन बोटं कधीच नव्हती.

"सुतारा," मामू एवढंच म्हणाले. त्यांनी ओरडायला पाहिजे होतं.

आता ते म्हणतात, झालं तुझं, इंजिन चार इंच मागं घेऊ. म्हणजे परात आसाच्या मागं जाते आणि मोकळी होते. म्हणजे तुझ्या टाचेचा खळगा जातो. म्हणजे ड्रायव्हर.

वर उचलावं तर बॉनेट लागत नाही आणि स्टेअरिंग परत अडतं. मी सगळं करून बघितलं.

त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते आहे. मी जरा जाऊन येतो. लगेच येतो.

गोरक्ष


नाशिक, शुक्रवार, ता. १२ फेब्रुवारी

जमील,

लगेच आलो नाही. पाच दिवस लागले. त्यातले तीन मी परत यायचंच नाही असं ठरवून काढले, हेही लिहून टाकतो. यात्रेत एक खेळवाला भेटला, त्याच्याकडं पिंजऱ्यात उदमांजर होतं, पिंजरा मोडला होता. मी तो दुरुस्त करून दिला, तर म्हणाला, चल आमच्याबरोबर, पुढं इगतपुरी, मग कल्याण. मी चाललोही होतो. पिंजरा माझ्या खांद्यावर होता.

कुंडाच्या पायऱ्यांशी एक म्हातारी घागर भरत होती. तांब्याची, जुनी, एका बाजूला खोल पोचा आलेली. मी तिला म्हटलं, आजी, घागर नवीन घ्या, ही चेपली आहे. ती म्हणाली, "चेपली नाय बाबा, माझ्या कंबरंला बसली. नवी घेतली तर निसटती."

आणि तिनं तो पोचा कंबरेवर टेकवून घागर उचलली. तिचं वय सत्तर असेल. घागर जराही हलली नाही.

मी पिंजरा खाली ठेवला. खेळवाला हाका मारत राहिला.

परातीला पोचा पाहिजे! आस जिथं वर येतो तिथं आतल्या बाजूला खोलगट पोचा, आणि तेवढं तेल मागच्या बाजूला खोल खिसा करून तिथं. बिडाची परात असली तर ओतकाम लागतं. पण पत्र्याची? ठोकून? नाशकात राहून मला हे त्र्यंबकला जाऊन सुचावं! चालत आलो. मामूंना म्हटलं, आणखी पंधरा दिवस द्या. ते म्हणाले, "तुला पाय लागले म्हणून देतो." म्हणजे परत आलास म्हणून. मामूंचं असंच.

तांबट आळीत सावळीराम तांबट म्हणून आहेत. सगळी आळी ठोकत असते, तिथं बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून तिथली माणसं घरातही ओरडून बोलतात. मी लाकडी सोंगाचं पोट घेऊन गेलो. सावळीरामबुवांनी ते उलटसुलट पाहिलं.

"हे काय भांडं?"

"मोटारीचं. यात तेल राहतं."

"पोचा मुद्दाम घालायचा? जन्मभर लोकांचे पोचे काढले मी."

त्यांची बायको पुतळाबाई चिंचेनं घंगाळ घासत होत्या. त्या म्हणाल्या, "घाला की. आयुष्यात एक तरी भांडं वाकडं करून बघा." मग मला, "आतून कल्हई लागंल का रे? खायचं नाही ना त्यात काही?"

मी म्हटलं, नाही, काकू. इंजिनच पितं.

"मग कल्हई नको. इंजिनाला काय होतंय."

बुवांनी विचारलं, कुणासाठी. मी तुझं सांगितलं. पायाचंही. त्यांनी सोंग मांडीवर घेतलं आणि पोचा कुठून सुरू होतो ते अंगठ्यानं चाचपायला लागले.

गोरक्ष


नाशिक, गुरुवार, ता. २५ फेब्रुवारी

जमील,

ईद मुबारक, उशिरा का होईना. मामींनी मला शेजाऱ्यांकडच्या आमटी-भाताबरोबर शीरखुर्माही खायला लावला, आणि म्हणाल्या जमीलच्या वाटणीचा आहे, उष्टा टाकायचा नाय.

गाडी झाली.

परात तांब्याची आहे. तिच्याकडं बघितलं की हसू येतं, खाली चिखल, वर काळं इंजिन आणि मधे हे देवाघरचं भांडं. तेल ओढणारी नळी मागच्या खोल खिशात नेली. या वेळी माप जमिनीवर घेतलं. साठ गोणी वाळू भरली, पुढचं चाक खड्ड्यात घातलं, आणि आसावर ओल्या मातीचा लाडू ठेवला. गाडी मागं घेऊन लाडू बघितला. दीड बोट जाडीचा उरला होता. मामूंनी तो मातीचा तुकडा उचलला, फुंकर मारली आणि खिशात टाकला. नंतर रविवारी त्र्यंबकपर्यंत गेलो आलो. एकदाही ठण्ण नाही. घाट लागला की ते इंजिन खरंच मान खाली घालतं.

तू आता येऊन बसायचंस. तेवढंच राहिलं आहे. पण त्याआधी तुला एक सांगायचं आहे, आणि हे सांगितल्यावर तू आला नाहीस तर मामू गाडी चांदवडला पोचवतील, मी येणार नाही.

दगड घसरला नाही.

गाडी तापली म्हणून तू चढावर थांबलास. हँडब्रेक सैल होता, ते आपल्या दोघांनाही माहीत होतं. तू म्हणालास, "गोरक्ष, मागच्या चाकाला दगड लाव, मी मालाचा दोर बघतो." मी हो म्हटलं. तू माझा आवाज ऐकलास, म्हणून मागं गेलास.

रस्त्याच्या पलीकडं मोजणीवाले होते. तिपाईवर पितळेची दुर्बीण. त्यातल्या एकानं हसून मला बोलावलं. मला वाटलं, एक क्षण बघतो. जमील, त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. डोंगर वरून खाली लोंबत होता, झाडं मुळं वर करून. मी एवढा हसलो. तुला हाक मारणार होतो, जमील, हे बघ म्हणून. डोळा काढला तेव्हा गाडी मागं चालली होती, तुझ्यावर.

दगड मी नंतर आणून टाकला. तुला उचलून झोळीत घातलं, लोक तुझ्याभोवती होते, तेव्हा. कुणी विचारण्याआधी. आणि मग सगळ्यांना मीच दाखवला, हा बघा, घसरला. दवाखान्यात तू शुद्धीवर आलास आणि पहिलं बोललास ते, "तुला लागलं नाही ना?" त्याच दुपारी मी मनमाडला जाऊन मुंबईच्या रेल्वेत बसलो.

आणखी एक खोटं आहे, लहान. इंजिन मामूंच्या ओळखीचं नाही. माझगावला मोडीच्या वखारीत मी नऊ महिने बोटी तोडल्या, आणि मालकाला म्हटलं, मजुरी नको, ते द्या. हे मी लपवलं कारण भरपाई करतो आहे असं तुला वाटलं असतं, आणि तू कुणाची भरपाई घेत नाहीस. भरपाई होत नाही याची. मलाही कळतं. तू गाडी चालवावीस, एवढंच हवं आहे. मला माफ करून चालव, नाहीतर शिव्या देत चालव.

खळगा तुझ्या मापाचा आहे.

गोरक्ष


नाशिक, शुक्रवार, ता. ५ मार्च

जमील,

परवा तू परत गेलास तेव्हापासून मी दोनच गोष्टी केल्या, हे पत्र आणि तुझं काम. काम आधी केलं.

परवाचं सगळं मला नीट आठवत नाही, म्हणून लिहून ठेवतो. बुधवारचा बाजार, सर्व्हिस मोटार फाटकाशी थांबली, भाभी उतरल्या आणि मग काठी आणि मग तू. मी चाकाच्या आड होतो. मामूंनी तुला मिठी मारली आणि लगेच रागावल्यासारखं करून आत गेले. भाभी माझ्याजवळ आल्या. "ते पत्र आलं तेव्हापासून हे बोलत नाहीत," म्हणाल्या. "काल सकाळी उठले आणि म्हणाले, माझे बूट काढ. वर्षभर पेटीत होते."

तू माझ्याकडं बघितलं नाहीस. काठी टेकत गाडीभोवती फिरलास, लांब नाकावरून हात फिरवलास, खाली वाकून तांब्याकडं बघितलंस. मग दाराला धरून उभा राहिलास. मी पुढं आलो, तर म्हणालास, "हात लावू नकोस."

किती वेळ लागला तुला चढायला! मामू तोंड फिरवून उभे होते. मी मोजत होतो, का ते माहीत नाही, एकशे बारा मोजले.

मग इंजिन सुरू झालं. तू गाडी फाटकाबाहेर काढलीस, वडाच्या झाडापर्यंत नेलीस, वळवलीस, परत आणलीस. गिअर दोनदा कडकडला. तिसऱ्यांदा नाही. तुझा चेहरा मला खालून दिसत नव्हता, फक्त कोपर दिसत होतं खिडकीत, पूर्वी असायचं तसं.

इंजिन बंद करून तू समोर बघत बोललास.

"मला माहीत नव्हतं."

मी दाराजवळ आलो.

"लोक म्हणतील याला माहीत असेल, मोठ्या मनानं गप्प बसला असेल. अजिबात नव्हतं माहीत. वर्षभर मी त्या दगडाला शिव्या घातल्या, गोरक्ष. आईवरून, बहिणीवरून. आणि तो बिचारा तिथं नव्हताच."

भाभी मागं उभ्या होत्या. त्यांना हसू आलं की रडू, मला कळलं नाही. तोंडाला पदर लावला होता.

"आता त्या सगळ्या तुला परत घालायच्या म्हणजे किती दिवस लागतील," तू म्हणालास. आणि थोड्या घातल्यासही. मामींनी पिल्लांना आत घेतलं.

मग तू पाय क्लचवरून काढलास, परत ठेवलास, परत काढलास. मला वाटलं, आता उतरणार आणि जाणार, आणि संपलं. तू वाकून खाली बघितलंस.

"पूर्ण दाबला की टाच इंजिनामागच्या लोखंडी टोपाला घासते. डावीकडं. अर्धा इंच पाहिजे."

"बूट जाड आहे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

"बूट जाड नाही. तुझा खळगा चुकला आहे. अर्धा इंच. पुढच्या बुधवारी येतो."

आणि काठी माझ्या हातात दिलीस, उतरताना धरायला.

जमील, अर्धा इंच झाला आहे. टोप कानशीनं तेवढा किसला, मामूंनी किसू दिला, आणि खळगा उजवीकडं रुंद केला. खरं तर पाऊण इंच केला आहे, सांगून ठेवतो, नाहीतर म्हणशील सुतारानं पुन्हा चुकवलं. मी शेडमध्येच आहे, बुधवारपर्यंत आणि नंतरही.

येताना तेच बूट घालून ये. माप मी त्यांच्यावर धरलं आहे.

गोरक्ष